तीन नोड आहेत, मग डीआर कशाला?

बजेटची मीटिंग लागली की हा प्रश्न येतोच: "रॅबिटएमक्यूचा तीन नोडचा क्लस्टर आहे ना? मग डीआरला वेगळे पैसे कशाला?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. रॅबिटएमक्यू हा एका प्रोग्रामचे मेसेज दुसऱ्यापर्यंत पोचवणारा ब्रोकर; मेसेज ज्या रांगेत थांबतात ती क्यू. तो चालवणारं एकेक मशीन म्हणजे नोड, त्यांचा गट म्हणजे क्लस्टर. आणि डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी, आपत्तीनंतर काम पुन्हा उभं करायची तयारी.

क्लस्टर हा मशीन बंद पडण्यावरचा उपाय. कोरम क्यू, म्हणजे मेसेजच्या प्रती अनेक नोडवर ठेवणाऱ्या क्यू, राफ्ट नावाच्या बहुमताच्या पद्धतीने चालतात: तीनपैकी दोन नोड जागे असले की काम सुरू. सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरला नाही तर अर्धा तास थांबून आहेत तेवढ्यांत सभा उरकतात. राफ्टमध्ये ती सोय नाही. दोन नोड गेले की उरलेला कितीही धडधाकट असला तरी एक मेसेज लिहून घेत नाही. आणि आपले तिन्ही नोड एकाच इमारतीत आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो रॅक नंबर विचारून पडला नव्हता.

"मग एक नोड पुण्याला ठेवू." हेही दरवेळी कुणीतरी सुचवतं. मुंबईतले दोन बुडाले तर पुण्याच्या एकट्याचं बहुमत होत नाही. शिवाय रॅबिटएमक्यूचा क्लस्टर लॅनसाठी, म्हणजे एकाच जागेतल्या नेटवर्कसाठी आहे; दोन शहरांमधली लाइन जरा लटपटली की नोड एकमेकांना मेलेले समजू लागतात. पुण्याला हवा तो वेगळा क्लस्टर, मध्ये शॉव्हेल किंवा फेडरेशन, म्हणजे एका क्लस्टरचे मेसेज दुसऱ्याकडे नेणारी सोय. आणि कुणी चुकून क्यू डिलीट केली तर? तिन्ही नोड ती इमानेइतबारे डिलीट करतात.

पूर्वी एका ठिकाणी होते, तिथली गोष्ट. आम्ही रोज रात्री डेफिनिशन्स, म्हणजे ब्रोकरची सगळी मांडणी, फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायचो आणि निर्धास्त झोपायचो. त्या फाइलमध्ये युजर, एक्स्चेंज, क्यू, बाइंडिंग, पॉलिसी सगळं असतं, मेसेज मात्र एकही नसतो. म्हणून ड्रिलच्या, म्हणजे आपत्तीच्या तालमीच्या दिवशी नोड बंद करून डेटाची डिस्क नव्या मशीनला जोडली, ब्रोकर सुरू केला, डेफिनिशन्स चढवल्या. सगळं हिरवंगार! सगळ्या क्यू जागेवर आणि प्रत्येकीत शून्य मेसेज. "सगळे प्रोसेस झाले वाटतं," एक जण खुशीत म्हणाला. डेटाच्या फोल्डरला नोडचं नाव असतं आणि त्या नावात होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव असतं. नव्या मशीनचं होस्टनेम वेगळं, म्हणून ब्रोकरने स्वतःसाठी कोरं फोल्डर उघडून नवा संसार थाटला होता. जुना डेटा शेजारीच पडून होता. हे उमगायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, तीही शनिवारी दुपारी, चहा पीत. खऱ्या आपत्तीत रात्री तीनला किती लागली असती?

बरं, चालू नोडच्या फोल्डरची कॉपी भरवशाची नसते आणि रोज नोड बंद कोण ठेवणार? त्यामुळे मेसेजच्या बॅकअपवर माझी फारशी भिस्त नाही. मेसेज जिथे जन्मतो त्या डेटाबेसमध्येच त्याची नोंद ठेवा, म्हणजे पुन्हा पाठवता येतो. पुन्हा पाठवायचं म्हटलं की काही दोनदा जाणारच. तेव्हा प्रत्येकाला वेगळा आयडी द्या आणि 'हा झालाय' हे मेसेज घेणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे कन्झ्युमरला ओळखता येऊ द्या. नाहीतर सर्व्हर वाचेल, पण ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा वळते होतील.

शेअर बाजाराने २ मार्च आणि १८ मे २०२४ ला, दोन्ही शनिवारी, कामकाज डीआर साइटवर नेऊन खरे सौदे करून पाहिले. आपण तिमाहीतून एक शनिवार देऊ शकतो.

मात्र त्याआधी एक काम तुमच्याकडे. कुठल्या क्यूचे किती मिनिटांचे मेसेज गेले तर चालतील, ते धंदा बघणाऱ्यांनी लिहून द्यायचं. ओटीपीची क्यू दोन तासांनी परत मिळवून काय करायचंय, फेकून द्या. पेमेंटची एकही ओळ जाता कामा नये. सगळ्याच क्यूंपुढे 'शून्य मिनिटं' लिहिलंत तर खर्चाचा आकडा ऐकून तुम्हीच उठून जाल. यादी द्या, मग आकडा सांगते.