तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा की औषध?

दर वर्षी ८ मार्चच्या आसपास मला दोन-तीन कॉलेजांत बोलायला बोलावतात. शाल, नारळ, पाऊण तास कायद्याची माहिती आणि शेवटी प्रश्न. मुली उभ्या राहून विचारत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. त्यात न चुकता एक चिठ्ठी असतेच: मॅडम, जो मुलगा सारखा मागे लागतो त्याला जेलमध्ये टाकायचं की डॉक्टरकडे न्यायचं? यंदाच्या चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ‘तो वाईट नाहीये.’

मी माइकवरून ‘दोन्ही’ म्हणाले. टाळ्या पडल्या, चहा आला, मी घरी आले. पण ती बारीक अक्षरातली ओळ काही डोक्यातून जाईना. एका शब्दात उरकण्यासारखं ते नव्हतंच. वकिली करून सव्वीस वर्षं झाली, तरी टाळ्यांची हौस जात नाही, दुसरं काय.

आधी कायदा, थोडक्यात. पाठलागाचं वेगळं कलम आपल्याकडे २०१३ पर्यंत नव्हतंच. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि पुढच्या वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा मागे जातो, बोलायला बघतो किंवा तिच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवतो, तर तो गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. ‘पुन्हा पुन्हा’ हे महत्त्वाचं. एकदाच मागे गेला म्हणजे हे कलम लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सांगितलं आहे. आणि पहिला गुन्हा जामीनपात्र. हे विधेयक संसदेत आलं तेव्हा खासदार शरद यादवांनी भर लोकसभेत, आपल्यापैकी कोण मुलींच्या मागे गेलेलं नाही, अशा अर्थाचा सवाल केला होता. तर, गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे सकाळी आणलेला मुलगा संध्याकाळी टेबल जामिनावर, म्हणजे पोलीस ठाण्यातूनच जामीन घेऊन, घरी जातो. कित्येकदा तिच्याच रस्त्याने.

आता माझी गोष्ट. मी १९९० ची दहावी. त्याच मार्चमध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील नावाच्या मुलीला परीक्षा केंद्रातच पेटवून मारलं होतं. वडील त्यानंतरच्या पेपरांना मला सोडायला आले आणि तीन तास केंद्राबाहेर उन्हात उभे राहिले. तोवर ‘मागे लागणं’ हा आमच्याकडे थट्टेचा विषय होता. त्या वर्षी काही महिने नव्हता. मग पुन्हा झाला.

बारावीनंतर मी सव्वासातच्या एसटीने कॉलेजला जायचे. स्टँडवर एक जण उभा असायचा. मी चढले की चढायचा आणि दोन सीट सोडून बसायचा. बोलायचा काहीच नाही. आज मी पिवळा ड्रेस घातला तर उद्या त्याचा शर्ट पिवळा. मैत्रिणीकडून निरोप धाडला, मला यात पडायचं नाही. त्यावर हिरवा शर्ट. शेवटी घरी कळलं आणि माझ्या चुलतभावाने तालमीतले चौघे घेऊन बाजारच्या दिवशी त्याला चौकात बदडला. आठ दिवस तो दिसला नाही. नवव्या दिवशी स्टँडवर हजर, उजवा हात गळ्यात बांधलेला. पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. ‘तुझ्यासाठी मार खाल्ला.’ चेहऱ्यावर लाज नव्हती हो, अभिमान होता. आमच्या घरच्यांना वाटलं होतं त्याला अद्दल घडेल. त्याच्या लेखी नातं जुळलं होतं.

हे चौदा महिने चाललं. थांबलं ते मी पुण्याला लॉ कॉलेजला गेले म्हणून. २०११ मध्ये मंडईत एका माणसाने मला विचारलं, ‘ताई, वटाणा काय भाव दिला?’ तोच होता. त्याने मला ओळखलं नव्हतं. मी वटाण्याची पिशवी तिथेच टाकून रिक्षा पकडली.

म्हणून नुसत्या शिक्षेवर माझा विश्वास कमी. पण ‘उपचार’ म्हटलं की आपल्याकडे काय-काय डोक्यात येतं, तेही सांगते. पहिला उपचार लग्न. ‘दोनाचे चार करा, ताळ्यावर येईल.’ फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर सकाळी चौकात तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं, आठवड्यात ती गेली. पेटवणाऱ्याचं लग्न झालेलं होतं, घरात तान्हं मूल होतं. दुसरा उपचार राखी. पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसवून ‘हिला बहीण मान’ म्हणण्याची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मध्य प्रदेशात तर विनयभंगाच्या आरोपीला राखी बांधून घेण्याच्या अटीवर उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तिसरा उपचार माफीनामा. साध्या कागदावर ‘यापुढे त्रास देणार नाही’, खाली सही. दिल्लीच्या प्रियदर्शिनी मट्टूच्या प्रकरणात पोलिसांकडे तक्रारी झाल्या होत्या, आरोपीने लेखी हमी दिली होती, तिला पोलीस संरक्षणही मिळालं होतं. जानेवारी १९९६ मध्ये तिचा तिच्याच घरात खून झाला. आरोपी कायद्याचा विद्यार्थी, पुढे वकील. आमच्या धंद्यातला. हमीपत्राची किंमत मला त्या निकालाने शिकवली.

आणि चौथा उपचार म्हणजे सर्टिफिकेट. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चिठ्ठीतला प्रश्न खरा इथे अडकतो.

माझी एक अशील बँकेत नोकरीला होती. साखरपुडा झाला होता, मुलगा इंजिनिअर, तिने मोडला. त्याने आधी फोन, मग मेसेज, मग नव्या सिमवरून फोन. सगळीकडून ब्लॉक केल्यावर तो तिच्या खात्यात यूपीआयने एक-एक रुपया पाठवू लागला, कारण पैशांसोबत चार शब्द लिहिता येतात. ‘जेवलीस का.’ एक रुपया. ‘निळी साडी छान होती.’ एक रुपया. तक्रार द्यायला गेलो तेव्हा ठाणे अंमलदार हसले. ‘पैसे देतोय, घेत तर नाही ना?’ एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून पाठवत होते. दखलपात्र गुन्हा आहे म्हणून कलम उघडून दाखवलं, तेव्हा कुठे एफआयआर झाला. जामीन झाला आणि रुपये पुन्हा सुरू झाले. तो जामीन रद्द करा म्हणून आम्ही अर्ज केला, तर त्यांच्या उत्तराला मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला जोडलेला. रुग्णाला नैराश्य आहे, सहानुभूतीची गरज आहे.

नैराश्य असेलही. मी नाकारत नाही. पण हा सकाळी उठून ऑफिसला जायचा, टार्गेट पूर्ण करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत नवं सिम घ्यायचा. त्याला काय कळत नव्हतं? ‘नाही’ हे उत्तर असतं, इतकंच. ते न कळणं हा आजार म्हटला तर निम्मा तालुका दाखल करावा लागेल. वर्तमानपत्रंही अशा बातमीला ‘एकतर्फी प्रेमातून’ असा मथळा देतात. चोरीच्या बातमीला कुणी ‘एकतर्फी मालकीतून’ म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले. नाकारला गेलेला वेगळा, सूडाने पेटलेला वेगळा, ओळख कशी करावी हेच न कळणारा बावळट वेगळा, हल्ल्याच्या तयारीने पाळत ठेवणारा वेगळा. आणि एक असा, जो अनोळखी बाईचं आपल्यावर प्रेम आहे असं मनापासून मानतो. माझ्या टेबलासमोर बहुतेक पहिला येतो. त्याला औषधाची गोळी नसते. त्याला हवा असतो अडसर, आणि अडसर लागल्यावर, डोकं ठिकाणावर आल्यावर, कुणीतरी समोर बसून राग आणि अपमान कसा गिळायचा ते शिकवणारं माणूस. क्रम उलटा केला की फसतो. आधी समुपदेशन आणि केस मागे, असं ठरलं की समुपदेशन ही सुटकेची पावती होते.

त्या इंजिनिअरच्या बाबतीत अडसर लागला तो चॅप्टर केसने. म्हणजे प्रतिबंधात्मक कारवाई: तहसीलदारांसमोर उभं राहायचं, वर्षभर शांतता राखीन म्हणून जामीनदारासह बंधपत्र द्यायचं, मोडलं तर रक्कम जप्त. जामीनदार म्हणून त्याचे वडील आले, निवृत्त मुख्याध्यापक. ज्या कचेरीत आयुष्यभर मुलांचे दाखले न्यायला गेले, तिथे मुलासाठी सही केली. त्यानंतर रुपये थांबले आणि तो सहा महिने डॉक्टरकडेही गेला. तिच्या मते तो वडिलांमुळे थांबला, त्याच्या मते डॉक्टरांमुळे, माझ्या मते बंधपत्रावरच्या आकड्यामुळे.

पण चॅप्टर केस हे जुगाड आहे. ते कलम गावातल्या भांडणांसाठी लिहिलेलं. मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध २००५ च्या कायद्याने संरक्षण आदेश मिळतो: तिच्या घराजवळ, नोकरीच्या जागी यायचं नाही, फोन करायचा नाही, मोडलास तर आत. गल्लीतल्या मुलाविरुद्ध, मोडलेल्या साखरपुड्याच्या मुलाविरुद्ध असा आदेश मागायला सरळ दार नाही, कारण तो तिच्या ‘घरातला’ नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० पासून पोलीसच न्यायालयाकडून असा आदेश घेऊ शकतात, आरोप सिद्ध व्हायची वाट न बघता. किमान दोन वर्षांचा, मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, आणि त्यातच तपासणीला किंवा उपचाराला जाण्याची सक्ती घालता येते. मला हवं ते हे. खटला आपल्या गतीने चालू दे. तोवर तो तिच्या रस्त्यावर नको, आणि नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे कुणा जाणकाराने बघितलेलं असू दे.

कारण पाचातला तो शेवटचा प्रकारही भेटतो. फ्रेंच डॉक्टर क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये ज्याचं वर्णन केलं, तो भ्रम. एका स्थानिक केबल वाहिनीवर बातम्या देणारी मुलगी माझ्याकडे आली. पन्नाशीतला एक कारकून रोज स्टुडिओबाहेर उभा राहायचा. ती हिरवी साडी नेसली की ‘भेटायला ये’, लाल नेसली की ‘आज घरचे आहेत’, असा त्याचा हिशेब पक्का. पोलिसांनी रात्रभर कोठडीत ठेवला. सकाळी सुटला तो पेढे घेऊनच स्टुडिओवर आला. त्याच्या मते तिनेच जामीन भरला होता. माझा पिवळा शर्टवाला आठवला. पण हा तसा नव्हता. त्याला हिणवून, मारून, तीन वर्षं आत ठेवूनसुद्धा तो बाहेर येऊन त्याच फाटकाशी उभा राहिला असता, कारण त्याच्या जगात तिने कधी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. इथे औषधाशिवाय मार्ग नाही. इथेही अडसर लागतोच, फक्त तो लावताना माणूस आजारी आहे हे धरून चालायचं.

सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत त्याला नेलं ते त्याच्या बायकोने. भ्रम पुरता गेला नाही, असले भ्रम चिवट असतात, पण बोथट झाला. गोळ्या घेतो तोवर तो फाटकाशी जात नाही. थांबवल्या की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा साड्या मोजायला लागतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुली, तो वाईट नसेलही. तू ते ठरवायला बसू नकोस. एकदाच, लेखी, एका ओळीत ‘नको’ लिही आणि तो मेसेज जपून ठेव. कायद्याला तुझा नकार स्पष्ट दिसावा लागतो. त्यानंतर समजावण्याचं, रागाचं, दयेचं, कसलंच उत्तर देऊ नकोस. आणि घरात कुणाला तरी सांग, कॉलेज बंद न करणाऱ्या कुणाला तरी.

त्या कारकुनाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायला न्यायालयाने कुणाला नेमलं नाही. तशी सोयच नाही. माझ्या ऑफिसात त्या दोघी एकदाच भेटल्या, ती निवेदिका आणि त्याची बायको. बायको आधी रडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘रोज रात्री नऊला मिस्ड कॉल देईन. आला म्हणजे गोळी घेतली समजा.’ अडीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका रात्री कॉल आला नाही. निवेदिकेने साडेनऊला मला फोन केला, मी त्यांच्या शेजाऱ्यांना केला, शेजारी दार ठोठावायला गेले.

रिचार्ज संपलं होतं.