पश्चिम आयर्लंड गाडीने: दोघांसाठी रस्ता, पाऊस आणि वेळेचं गणित

पश्चिम आयर्लंडमध्ये दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही, हे आम्ही दोघांनी हॉटेलं बघायच्या आधीच ठरवलं होतं. बाकीची आखणी त्यावरच उभी राहिली. मोटरवेवर वेगमर्यादा ताशी १२० किमी असली तरी किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर, पाऊस आणि मेंढ्या धरून, सरासरी जेमतेम ४५-५० पडते. गॉलवे ते क्लिफडन हे ७८ किमी नकाशा सव्वा-दीड तासाचे दाखवतो. थांबे धरून तीन तास हाताशी ठेवावेत. 'वाइल्ड अटलांटिक वे' हा डोनेगॉलच्या मॅलिन हेडपासून कॉर्कमधल्या किनसेलपर्यंतचा किनारी मार्ग सुमारे २५०० किमीचा आहे. तो आठवड्यात संपवायला निघालेल्यांना गाडीची काच सोडून फारसं काही दिसत नाही. आम्ही कॉनेमारा, क्लेअर आणि केरी एवढंच घेतलं, आणि एका मुक्कामी किमान दोन रात्री ठेवल्या. पावसात गेलेला दिवस भरून काढायला दुसरा दिवस लागतोच.

आधी व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा 'सी' व्हिसा काढावा लागतो. एकदा प्रवेशाचे ६० युरो, अनेकदा प्रवेशाचे १००. ऑनलाइन अर्ज नवरा-बायकोने वेगवेगळा भरायचा, त्याचा गोषवारा छापून सही करायची आणि कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात. पहिल्याच आठवड्यात देऊन टाका. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, दिवसवार कार्यक्रम आणि प्रवास विमा जोडावा. खर्च एकाच्याच खात्यातून होणार असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही लावा, आणि तो फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्या. एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी: उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. सीमेवर ना नाका, ना शिपाई. पाटीवरचे किलोमीटर जाऊन मैल आले की समजायचं आपण हद्द ओलांडली. पण कुणी अडवत नाही म्हणून परवानगी आहे असं नाही. बेलफास्टकडे जायचं असेल तर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) शेरा असलेला व्हिसा किंवा स्वतंत्र ब्रिटिश व्हिसा हवा.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंगही उजवीकडे, म्हणून हात लवकर बसतो. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा; फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि भाड्याच्या काउंटरवर वाद घालावा लागत नाही. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचंच लागतं. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घाला, रोजचे थोडे युरो जास्त पडले तरी. ऑटोमॅटिक महाग असते आणि आयत्या वेळी मिळत नाही. गाडी छोटीच घ्या. दोन बॅगा मावल्या की पुरे. विम्याचा कागद मात्र शांतपणे वाचा. मूळ विम्यात नुकसानीचे पहिले हजार-दोन हजार युरो, कधी त्याहूनही जास्त, आपल्याच खिशातून जातात. शिवाय टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा विम्याबाहेर असतो, आणि तिथे नेमकं तेच फुटतं.

कारण रस्त्याची डावी कड. गावाकडचा रस्ता एका गाडीपुरता, मध्ये गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना चुना-सिमेंटशिवाय रचलेले दगडी गडगे. गडग्यावर झुडूप वाढून कड झाकलेली असते, आणि आतला दगड बोटभर पुढे आलेला असतो. समोरून बस आली की माणूस घाबरून डावीकडे सरकतो आणि टायरची बाजू त्या दगडावर घासते. बाजूने फाटलेल्या टायरला पंक्चर काढता येत नाही. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीही नसते, नुसता फोमचा डबा असतो, आणि फाटलेल्या बाजूला तो कामाचा नाही. म्हणून डाव्या सीटवरच्याने मोबाइल खाली ठेवून कड बघायची आणि अंतर बोलून सांगायचं: 'वीतभर आहे', 'थांब', 'आता सरळ'. आरसा मिटून घ्यावा लागला तर तेही त्याचंच काम. दोन गाड्या समोरासमोर आल्या की रुंद जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे घ्यायचं. समोर ट्रॅक्टर किंवा बस असेल तर आपणच मागे जायचं. वाट दिली की समोरचा स्टिअरिंगवरूनच एक बोट उचलतो, आपणही उचलावं. मागे स्थानिकांची रांग लागली तर जागा मिळताच बाजूला होऊन सोडून द्या. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० किमी झाली आहे, पण वळणांवर तेवढाही वेग नको.

आपल्याला पावसाची सवय आहे असं वाटतं, पण हा पाऊस निराळा. मुंबईत चार महिन्यांत जेवढा कोसळतो तेवढा इथल्या बऱ्याच किनाऱ्यावर वर्षभरातही पडत नाही. मात्र पश्चिमेच्या काही भागांत वर्षातले सव्वादोनशे दिवस थोडा-थोडा पडतच असतो, आणि वाऱ्यामुळे आडवा. छत्री पहिल्याच टेकडीवर उलटते. घट्ट टोपीचं जॅकेट, वर घालायची रेनपँट आणि मोज्यांचे जादा जोड हवेत. जीन्स नको, भिजली की दुसऱ्या दिवशीही ओलीच. पाऊस समुद्रावरून पट्ट्यापट्ट्यांनी येतो, म्हणून 'मेट एरन' या आयरिश हवामान खात्याच्या ॲपवरचं रडार बघून अर्धा तास गाडीत थांबलं तर बऱ्याचदा पुढची उघडीप मिळते. तेच ॲप पिवळा, केशरी आणि लाल इशारा देतं. केशरी असेल तर कडे आणि घाट त्या दिवशी सोडून द्यावेत.

ओले कपडे घेऊन गाडीत बसलं की मिनिटभरात काचा धूसर होतात. तेव्हा आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद करा, एसी चालू ठेवून तापमान वाढवा आणि झोत पुढच्या काचेवर घ्या. थंडीत एसी कशाला, असं वाटतं. पण हवेतला ओलावा एसीच शोषतो, नुसत्या गरम हवेने काच पुन्हा धूसर होते. भिजलेली जॅकेटं डिकीत टाका आणि दिवसाही हेडलाइट लावा.

मार्ग असा. डब्लिन शहरात गाडी घेऊच नका, निघायच्या सकाळी विमानतळावरून घ्या. एम-४ आणि एम-६ ने गॉलवे सुमारे २१० किमी, अडीच तास, वाटेत दोन टोल नाके. दीडशेचा नियम मोडावा तर याच दिवशी. पुढे क्लिफडनला मुक्काम करून स्काय रोड आणि कायलमोर ॲबी बघता येते. एन-५९ वरून थोडं आत बॅलिनाहिंच कॅसल आहे. आपले रणजी, नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह, यांनी १९२० च्या दशकात ते विकत घेतलं होतं. सॅमन मासेमारीसाठी ते तिथे येत. आता तिथे हॉटेल आहे. कॉनेमारात पेट्रोल पंप विरळ, टाकी अर्धी झाली की भरा. पेट्रोलचा पाइप हिरवा आणि डिझेलचा काळा असतो, तरी झाकणावरचं लेबल बघूनच भरा.

क्लेअरमध्ये मोहरचे कडे, सर्वात उंच जागी २१४ मीटर. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं, पण ढग खाली उतरले असतील तर कड्यावरून काहीही दिसत नाही. तशा दिवशी बरेनमध्ये जावं. चुनखडीचं ते उघडं पठार पावसात चकाकतं, आणि पोलनाब्रोनचं प्राचीन दगडी थडगं बघायला तिकीट नाही. केरीला जाताना किलिमर–टार्बर्ट फेरी घ्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरला गेलेल्यांना काही समजावायला नको: रांगेत लागायचं, गाडी चढवायची, वीस मिनिटांत पलीकडे. लिमरिकचा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा वाचतो.

केरीतल्या डिंगलला कॉनर पासच्या घाटाने जावं का? ढग नसतील तरच. दोन टनांवरच्या वाहनांना तिथे बंदी आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि धुक्यात नुसताच ताण. त्यापेक्षा एन-८६ रस्ता बरा. डिंगलहून स्ली हेडचा किनारी फेरा घड्याळाच्या दिशेने करावा. बसही त्याच दिशेने जातात आणि डावीकडे बसणाऱ्याला समुद्र मिळतो. समोर ब्लास्केट बेटं दिसतात, तिथली शेवटची वस्ती १९५३ मध्ये हलवली. हा आयरिशभाषक भाग असल्याने पाट्या आयरिशमध्ये असतात, तेव्हा गावांची आयरिश नावं आधीच नकाशात बघून ठेवा. रिंग ऑफ केरी हा गोल फेरा १७९ किमी. टूर बस किलार्नीहून घड्याळाच्या उलट दिशेने निघतात. त्याच दिशेने, पण सकाळी आठच्या आत निघालात तर त्या ना पुढे येतात ना समोरून. त्यातूनच फुटणाऱ्या स्केलिग रिंगच्या रस्त्यावर मोठ्या बस येत नाहीत, आणि संपूर्ण फेऱ्यात आम्हाला तोच भाग सर्वात आवडला.

खाण्याचं थोडक्यात. पबचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी रात्री नऊला बंद होतं, जूनमध्ये दहापर्यंत उजेड असला तरी. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त आणि व्हाइट पुडिंगमध्ये डुकराचं मांस असतं. शाकाहारी नाश्ता आदल्या रात्रीच सांगून ठेवावा. भाज्यांचं सूप आणि ब्राऊन ब्रेड सगळीकडे मिळतं, पण सूप चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारा. जो चालवणार त्याने बिअर घेऊ नये, दुपारीही नाही.

परतताना टाकी भरा, पंपाची पावती ठेवा आणि चारही चाकांचे, विशेषतः डाव्या बाजूच्या रिमचे, फोटो काढा. घेतानाही काढलेले असावेत. विमानतळाच्या वाटेवर डब्लिनभोवतीचा एम-५० लागतो. त्याच्या टोलला नाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे असतात. काही भाडेकंपन्या टोल आपोआप भरून कार्डावरून घेतात, काही नाही. हे काउंटरवर गाडी घेतानाच विचारून घ्या, कारण उशीर झाला की दंड आणि कंपनीचा आकार असं दोन्ही कार्डावर येतं.