फ्रॉग पळणार, पण सगळी नाही

फ्रॉग ही माझी जुनी रेडिओ कंट्रोल म्हणजे आरसी गाडी, टामिया या जपानी कंपनीची. तिचा गिअरबॉक्स अखेर उघडला. आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, गिअरचे दात मात्र शाबूत निघाले. झीज होती ती बाहेर, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या षटकोनी टोकांवर आणि ती टोकं ज्यात बसतात त्या कपांमध्ये. टामियाची १९८३ची मूळ फ्रॉग ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे दुखणं नवं नाही. कडा झिजून टोक गोल होत जातं आणि शेवटी मोटर फिरते, घरघर ऐकू येते, पण चाक जागचं हलत नाही. हीच मांडणी पुढे टामियाच्याच ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल या गाड्यांनाही मिळाली, आणि त्यांच्या मोठ्या जड टायरांनी हे सांधे आणखी लवकर खाल्ले.

माझ्या फ्रॉगचे कप अजून पकड धरतात. जपून चालवली तर काही काळ चालेलही. तरी ती आहे तशी मी चालवणार नाही, आणि काचेच्या कपाटात बंदही करणार नाही.

अशा जुन्या गाड्या चालवाव्यात की जपून ठेवाव्यात, यावरून आम्हा छंदिष्टांच्या गटात पावसाळ्याआधी बरंच बोलणं झालं. एक काका आहेत, त्यांच्याकडे न उघडलेली खोकी आहेत. ते म्हणाले, "अगं, एकदा मातीत घासली की ती मूळ राहत नाही. चालवायची हौस असेल तर री-री घे आणि तिचे हाल कर." नव्या मंडळींसाठी सांगते, री-री म्हणजे कंपनीनेच पुन्हा बाजारात आणलेली आवृत्ती. तरुण पोरांचं म्हणणं बरोबर उलट: गाडी पळायला बनवली आहे, तिला पळवा. ते अटीतटीला आले, आणि मला दोन्हीकडचं अर्धं अर्धं पटत राहिलं. मग लक्षात आलं की वाद पूर्ण गाडीवर चालला आहे, आणि गाडी कधीच अखंड तुटत नाही. तुटतो तो एखादा भाग. म्हणून मी आता प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारते: तू तुटलास तर तुझ्या जागी दुसरा मिळेल का? मिळणार असेल तर तू पळ. मिळणार नसेल तर तुझी जागा खोक्यात.

कपाटात ठेवली की वाचली, हे तर मुळीच खरं नाही

जपणाऱ्यांशी माझे इथे ठाम मतभेद आहेत, कारण ते कपाटाला सुरक्षित समजतात. प्लास्टिकला चालवण्याइतकंच थांबणंही बाधतं. एबीएस या कडक प्लास्टिकवर ऊन पडत राहिलं की त्यातला रबरासारखा घटक आधी बिघडतो. पांढरा भाग पिवळा होतो आणि पृष्ठभाग ठिसूळ होत जातो. खिडकीसमोरच्या कपाटात वर्षानुवर्षं दिमाखात बसलेली टामियाची हॉर्नेट बाहेर काढून पहिल्याच उडीत तिची चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, तडकते, आणि दोष उडीवर जातो.

रबराचं आणखी वेगळं. टायर मऊ राहावेत म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू बाहेर झिरपतात. टायर जिथे प्लास्टिकला टेकून राहतो तिथे डाग पडतो, कधी खड्डा पडतो. पीव्हीसीच्या वायरी थर्माकोलला चिकटून राहिल्या तर थर्माकोल विरघळून त्यात वायरीच्या जाडीची खाच तयार होते. जुन्या खोक्यांमध्ये मोटरच्या वायरी नेमक्या थर्माकोलच्या खाचेत कोंबलेल्या असतात, तेव्हा ज्यांच्याकडे बंद खोकी आहेत त्यांनी निदान हे एकदा बघावं. वायर साध्या कागदात गुंडाळून ठेवली तरी पुरतं.

गाडी चाकांवर उभी ठेवू नका. टायर एका बाजूने चपटे होतात आणि स्प्रिंग कायम दबलेल्या राहतात. चॅसिसखाली लाकडी ठोकळा द्या, चाकं अधांतरी राहू द्या. आणि निकॅड म्हणजे निकेल-कॅडमियमची बॅटरी गाडीत ठेवून विसरणं सगळ्यात वाईट. तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, तांब्याच्या वायरीत आतून चढत जातं, आणि कनेक्टरपासून मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरपर्यंत सगळं हिरवं-पांढरं करून टाकतं. रिसीव्हरच्या डबीत राहिलेले ४ पेन्सिल सेलही तेच करतात.

आपल्याकडच्या हवेबद्दल एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. नायलॉनचे भाग हवेतली ओल शोषून चिवट राहतात, आणि कोरडे पडले की कडक आणि ठिसूळ होतात. पुण्यातला एप्रिल त्यांच्यासाठी वाईट, जुलै चांगला. उन्हाळ्यात नायलॉनचे सुटे भाग बसवण्याआधी मी ते गरम पाण्यात उकळून घेते, भरपूर वेळ. हे फक्त नायलॉनसाठी. एबीएसची चॅसिस उकळत्या पाण्यात घालू नका, ती वाकडी होईल. पावसाळा नायलॉनला मानवतो तसा लोखंडी स्क्रूंना आणि बेअरिंगना मानवत नाही, म्हणून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, पण नायलॉनचे भाग वेगळ्या डबीत, पुड्यांशिवाय.

हॉर्नेट

ही माझी आणि दादाची, मामांनी मस्कतहून आणलेली. हिच्याबद्दल मला कधीच संभ्रम पडला नाही. हॉर्नेट १९८४ची, २००४ मध्ये पुन्हा आली आणि तिचे जवळपास सगळे भाग आजही विकत मिळतात: टबसारखी चॅसिस, बॉडी, पुढची चाकं धरणारे आर्म, गिअर. जपानहून मागवले तर कस्टम्स ड्युटी धरून हात थोडा आखडतो, एवढंच. म्हणून ही गाडी मी मनापासून पळवते. वस्तीबाहेरचा मुरमाड तुकडा, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी, धूळ बसलेली आणि चिखल वाळलेला असताना, ही तिची सगळ्यात आवडती जागा. मागचा एक्सल आणि गिअरबॉक्स एकसंध असल्यामुळे खडबडीत जमिनीवर ती मागून उड्या मारत जाते. कितीही सेटिंग करा, ते जात नाही, आणि जाऊही नये. हॉर्नेटचं चालणं म्हणजे तेच.

या महिन्यात तिच्या पुढच्या भागात, आर्मच्या स्क्रूपाशी, केसाएवढी चीर दिसली. फेविक्विकसारख्या गोंदाने असा सांधा लगेच जुळतो, पण तो कडक असतो आणि पुढच्या धक्क्याला सुटतो. मी एबीएसचा भुगा अॅसिटोनमध्ये विरघळवून लापशी केली, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवलं, आणि आतल्या बाजूने लापशीचा पातळ थर दिला. अॅसिटोन एबीएसला खरोखर विरघळवतं, त्यामुळे जोड वरून चिकटवलेला न राहता एकजीव होतो. पूर्ण सुकायला निदान दोन दिवस द्या. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे पातळ लवचीक पारदर्शक प्लास्टिकच्या, बॉडीजवळ अॅसिटोनची बाटली उघडूही नका. तीच गोष्ट स्क्रू घट्ट ठेवणाऱ्या थ्रेडलॉकची. धातूत धातू जातो तिथे ठीक, पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला लागला तर काही दिवसांत बारीक तडे जातात.

आणि स्क्रू ड्रायव्हर. जपानी गाडीचे स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, आपला नेहमीचा स्टार ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि जोर लावला की वर सरकून खाच गोल करतो. जुन्या गाड्यांचे जितके स्क्रू मी बिघडलेले पाहिले ते बहुतेक असे बिघडलेले होते. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर घ्या, बाकी हत्यारं नंतर.

ज्या पळवू नयेत

माझ्या नियमाने काही गाड्या सरळ कपाटात जातात. टामियाची पहिली आरसी गाडी १९७६ची पोर्शे ९३४, खऱ्या गाडीच्या १/१२ मापाची. तिची गोष्ट मला फार आवडते. टामियाला १/१२चं स्थिर मॉडेल काढायचं होतं, अचूकतेसाठी शुन्साकू टामिया यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली, आणि साच्यांवर झालेला एवढा खर्च भरून निघावा म्हणून त्याच बॉडीची रेडिओ कंट्रोल गाडी काढली. शिझुओकातल्या त्या एका निर्णयातून आपला हा सगळा छंद आला. त्या गाडीचे मूळ भाग आता मिळत नाहीत. ती कुणाकडे असेल तर तिने आता फरशीवरही धावू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

टामियाचीच सँड स्कॉर्चर या दोन्हींच्या मधली आहे. १९७९ची, २०१० मध्ये परतलेली. चॅसिस आणि सस्पेन्शनचे भाग मिळतात, तेव्हा तो सांगाडा पळू शकतो. पण तिची बीटलची बॉडी कडक प्लास्टिकची आहे, पॉलिकार्बोनेटसारखी वाकून परत येत नाही. गाडी उलटली की छताचे खांब तुटतात. मूळ बॉडी, त्यावर कुणीतरी तेव्हा ब्रशने दिलेला रंग आणि चिकटवलेली स्टिकर्स, ही दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. मूळ बॉडी कपाटात आणि री-रीची बॉडी चॅसिसवर, हा उपाय दोन्ही बाजूंना चालावा.

टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीच्या आरसी१० या गाडीबद्दल मात्र माझं मत बदलतं, आणि ते नियमात बसत नाही हे मला दिसतंय. १९८४ची ती गाडी शर्यतीसाठीच जन्मली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे झालेली पहिल्या ऑफ-रोड जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्हचा गट जे हाल्सी या चालकाने तिच्यावर जिंकला. तिच्या सोनेरी अॅल्युमिनियमच्या टबाखाली ओरखडे नसतील तर ती मला अपूर्ण वाटते. २०१३ मध्ये ती पुन्हा आली, त्यामुळे भागांची चिंताही कमी झाली. जुनी आरसी१० कुणी पॉलिश करून, ओरखडे घासून, पुन्हा सोनेरी करून घेत असेल तर कृपया थांबा. ते ओरखडे कुणीतरी शर्यतीत कमावलेले आहेत.

तर फ्रॉगचं असं ठरलं

फ्रॉग २००५ मध्ये पुन्हा आली तेव्हा टामियाने ड्राइव्हशाफ्टची ती षटकोनी मांडणी बदलली. नवे शाफ्ट आणि कप जुन्या गिअरबॉक्समध्ये बसतात. तेव्हा मूळ शाफ्ट आणि कप स्वच्छ करून, पातळ तेलाचा हात फिरवून, नाव लिहिलेल्या पुडीत गेले. मूळ बॉडी गेली कपाटात, उन्हापासून लांब. तिच्या जागी नवी पॉलिकार्बोनेट बॉडी कापून आतून रंगवते आहे. मूळ टायर कडक झालेत, त्यांची पकड संपली आहे, पण रिमसकट तसेच ठेवले, वेगवेगळ्या कागदात.

यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढताना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सर्व्होने सरकणारा तो तांब्याचा हात, थांबत थांबत वाढणारा वेग, अर्ध्या थ्रॉटलला रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज, हे सगळं त्या काळच्या चालवण्याचा भाग आहे. तरीही तो पळत्या गाडीत नको. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या सेटवर सिग्नल गेला तर गाडी थांबेलच याची हमी नाही, आणि गाडीच्या वाटेत लहान मुलं असू शकतात. आता २.४ गिगाहर्ट्झचा सेट आणि फेलसेफ असलेला, म्हणजे सिग्नल गेला की मोटर थांबवणारा, साधा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) आहे.

मोटर तीच, चंदेरी डब्याची ५४० मापाची ब्रशवाली. यावर मी अडून बसले आहे. जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर लावा म्हणून सांगणारे बरेच आहेत, पण या गिअरबॉक्सची रचना तेवढ्या झटक्यासाठी नाही, आणि तीच मोटर लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर घेतली तरी झटका निकॅडपेक्षा जास्त बसतो, कारण लायपोचा अंतर्गत विरोध कमी असतो. म्हणून ईएससीचं पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका किती द्यायचा ते सेटिंग, सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलंय. उड्या नाहीत. जमिनीवर आपटताना चॅसिसवर जो भार येतो त्यापुढे वेगाने झालेली झीज किरकोळ आहे. वळणं, रेती, लांब सरळ धाव हे सगळं चालेल.

उरली मूळ चॅसिस. तिचीही री-री मिळते, म्हणून माझ्या नियमाप्रमाणे ती पळायला मोकळी आहे, आणि ती गाडीत राहणार. काका म्हणाले, "मग मूळ काय राहिलं त्यात?" मी म्हटलं, "काका, ही चॅसिस राहिली, गिअरबॉक्स राहिला, आणि बाकीचं सगळं पुडीत आहे. एका दुपारी परत १९८३ची करता येईल." त्यांनी मान हलवली, पटलं असं म्हणाले नाहीत. मात्र मूळ शाफ्टच्या पुडीवर तारीख घालायला सांगितली आणि स्वतःच्या खोक्यांमधल्या वायरी तपासणार आहेत.

गिअरबॉक्समधले मूळ बुश काढून ११५०ची, म्हणजे आतून ५ आणि बाहेरून ११ मिलिमीटरची बेअरिंग घातली. ग्रीस कमीच लावलंय, नाहीतर मुरमाची बारीक रेती त्यातच अडकून गिअर घासते. आता फक्त मागचे शॉक बाकी आहेत. एका दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे आहेत आणि तेल ओ-रिंगपाशी झिरपतंय. बारीक पॉलिश पेपरने घासून पाहणार आहे. तेवढ्याने तेल थांबलं नाही तर मूळ दांडा पुडीत आणि नवा गाडीत. त्या मापाच्या ओ-रिंग पुण्यात कुठल्या हायड्रॉलिकवाल्याकडे मिळतात का, कुणाला माहीत असेल तर सांगा. जपानहून फक्त त्यासाठी पार्सल मागवायचं जिवावर येतंय.