तेलकट चेहरा किती वेळा धुवायचा आणि मग काय लावायचं

चेहरा तेलकट असला की माणूस पहिला हात फेसवॉशच्या ट्यूबला घालतो. सकाळी, दुपारी, बाहेरून आल्यावर, झोपताना. तरी काही तासांत कपाळ पुन्हा चकाकतं. यात फेसवॉशचा दोष नाही. चेहऱ्यावर आधीच किती तेल साचलंय याचा तैलग्रंथींना पत्ताच नसतो. त्या चालतात हार्मोन्सच्या हुकमावर, मुख्यतः अँड्रोजेन्स म्हणजे पुरुषी हार्मोन्सच्या. म्हणूनच वयात येताना चेहरा तेलकट होतो, पुरुषांचा सरासरीने जास्त, आणि पाळी गेल्यावर स्त्रियांच्या चेहऱ्यावरचं तेल बरंच कमी होतं. उरलेला वाटा अनुवंशिकतेचा आणि उष्णतेचा: त्वचा तापली की तेल पातळ होऊन लवकर पसरतं.

‘जास्त धुतलं की त्वचा जास्त तेल तयार करते’ ही समजूतही याच कारणाने टिकत नाही. धुण्याने तेल तयार होणं वाढत नाही, तसं कमीही होत नाही. बिघडतो तो त्वचेचा वरचा थर. पेशींच्या मधली ओल धरून ठेवणारी द्रव्यं वारंवार धुण्याने निघून जातात, मग चेहरा ताणतो, चुरचुरतो, नाकाच्या बाजूला सालं निघतात आणि त्यावर तेल येतंच राहतं. तेल भरपूर आणि पाणी कमी, अशी त्वचा असू शकते, आणि ती सांभाळायला साध्या तेलकट त्वचेपेक्षा अवघड.

आधी आपली त्वचा खरंच तेलकट आहे का ते बघा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग टिपकागदाचे वेगवेगळे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबा. सगळीकडे पारदर्शक डाग आला तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर आला तर मिश्र. तिथे गालांना वेगळं वागवावं लागतं. घाम येत असताना ही चाचणी करू नका, निकाल फसवा येतो.

धुणं दिवसातून दोनदा, शिवाय खूप घाम आल्यावर एकदा. त्याहून जास्त नको. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 9 ते 10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास, त्यामुळे चेहऱ्याला साबणविरहित क्लेन्झर बरा. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा ठिपका ओल्या हातावर फेसाळा, बोटांच्या टोकांनी अर्धा ते एक मिनिट फिरवा, कोमट पाण्याने धुवा. केसांच्या कडेला आणि जबड्याखाली फेस राहून जातो, तिथे दोनदा पाणी मारा. धुतल्यावर चेहरा ‘करकरीत’ लागला तर स्वच्छता झाली असं समजू नका. तो क्लेन्झर तुमच्यासाठी कडक आहे.

आता छिद्रांबद्दल. त्यांना स्नायू नसतो, त्यामुळे ती वाफेने उघडत नाहीत आणि थंड पाण्याने मिटत नाहीत. नाकावर जे करडे ठिपके दिसतात ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसून तेल आणि मृत पेशींचे बारीक धागे असतात. पट्टी लावून ओढले तर काही आठवड्यांत पुन्हा भरतात, कारण तेल वर येण्याची वाटच ती आहे. पट्ट्यांवरचे पैसे वाचवा असं माझं स्पष्ट मत आहे. छिद्र मोठं दिसतं ते आत साचल्यामुळे किंवा कडांची लवचीकता गेल्यामुळे. साचलेलं मोकळं ठेवलं तर लहान दिसतं, एवढंच आपल्या हातात.

ते मोकळं ठेवायला सॅलिसिलिक अ‍ॅसिड सगळ्यात सोपं. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत पोचतं. 0.5 ते 2 टक्के, रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन वेळा. फेसवॉशमधलं मिनिटभरात धुऊन जातं. लावून ठेवायचं सीरम किंवा लोशन जास्त उपयोगी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर हे टाळा. नायसिनामाइड (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) 2 ते 5 टक्के सकाळी लावलं तर तेल थोडं कमी होऊ शकतं. 10 टक्क्यांनी दुप्पट फायदा होईल या आशेने जाल तर अनेकांना मिळते ती जळजळ. पुरळही येत असतील तर अ‍ॅडापलीन नावाचं पुरळाचं औषध, 0.1 टक्के: वाटाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, संपूर्ण चेहऱ्याला पातळ. फक्त पुरळावर ठिपका देऊन काम होत नाही, कारण छिद्रं नव्याने बंद होऊ न देणं हे त्याचं काम आहे. पहिले काही आठवडे सालं निघतात, पुरळ वाढल्यासारखे वाटतात. फरक जोखायला 12 आठवडे द्यावे लागतात. गरोदरपणात किंवा त्याची तयारी चालू असताना ते वापरू नये.

ही तिन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. एक आणा, तीन-चार आठवडे द्या, मग दुसरं. सगळं एकदम आणलं आणि चेहरा लाल झाला तर दोष कोणाचा ते कधीच कळत नाही.

मॉइश्चरायझर लागतोच, आणि वरच्या औषधांबरोबर तर जास्तच. ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असलेलं जेल किंवा हलकं लोशन घ्या. त्यातल्या डायमेथिकोन या सिलिकोनला घाबरू नका, ते छिद्रं बुजवत नाही. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) हा शिक्का दिशा दाखवतो, हमी देत नाही. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वर, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं. चिकट लागतं म्हणून लोक निम्मं लावतात, आणि मग संरक्षणही बरंच कमी होतं. त्यापेक्षा जेल किंवा पातळ फ्लुइड प्रकारातलं शोधा आणि ते असेल तर सकाळी वेगळा मॉइश्चरायझर गाळा.

दुपारच्या चमकेसाठी टिपकागद: दाबा आणि उचला, घासू नका. पावडर लावायची तर टिपून झाल्यावर, नाहीतर तेलाबरोबर तिचे गोळे होतात. मातीचा लेप आठवड्यातून एकदा, 10 मिनिटं. तो तडकेपर्यंत ठेवला तर तेलाबरोबर ओलही ओढली जाते. लिंबाचा रस नको: तो फार आम्लधर्मी असतो, आणि लिंबूवर्गीय फळांच्या रसावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. खायचा सोडा, टूथपेस्ट आणि स्पिरिटसारखा वास मारणारे टोनर त्याच यादीत. तळलेलं खाल्लं की ते तेल चेहऱ्यातून बाहेर येतं, असं होत नाही. मात्र रक्तातली साखर पटकन वाढवणाऱ्या आहाराचा पुरळांशी संबंध दिसतो.

एक गफलत नेहमी होते. भुवया, नाकाच्या कडा, कानांमागे लालसर जागेवर पिवळट, तेलकट कोंडा दिसला की लोक तो कोरडेपणा समजून वर तेल चोळतात. ते बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतं. त्वचेवरचं मलासेझिया नावाचं यीस्ट तेलावर जगतं, त्यामुळे तेल लावणं म्हणजे त्याला खाऊ घालणं. त्यावर कीटोकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध लागतं. कपाळावर एकसारखे, बारीक, खाजणारे दाणे आले तर तेही यीस्टचं काम असू शकतं. ते नेहमीच्या पुरळाच्या औषधांना दाद देत नाहीत.

तेलकटपणाबरोबर पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस किंवा डोक्यावरचे केस विरळ होणं असं दिसलं तर कारण हार्मोन्सचं असू शकतं, उदाहरणार्थ पीसीओएस हा स्त्रियांमधला हार्मोन्सचा विकार. तिथे क्रीम बदलत बसू नका, तपासणी करा. खोल, दुखऱ्या, व्रण सोडणाऱ्या गाठी येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देऊ शकतात. ग्रंथी आकसवून तेल खरोखर घटवणारं एवढं प्रभावी औषध दुसरं नाही. पण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, रक्ततपासण्या कराव्या लागतात आणि ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या उरलेल्या गोळ्या घ्यायचं हे औषध नव्हे.