दोन बाटल्या, एक पातेलं

सोमवार, पहाटे ३.४०

आमची जुळी दोघंही झोपली. मला मात्र आता झोप लागणार नाही, म्हणून वही काढली. आज ९० मिलिलिटर दूध ओतून दिलं.

थोरली रडायला लागली म्हणून मी फ्रिजमधून दोन्ही बाटल्या काढल्या. एक जागं झालं की पाच-दहा मिनिटांत दुसरं उठतंच, हा गेल्या चार महिन्यांचा अनुभव. म्हणून दोन्ही एकदमच गरम पाण्यात ठेवल्या. थोरली प्यायली, ढेकर दिली आणि खांद्यावरच झोपली. धाकटा हललासुद्धा नाही. त्याचं दूध कोमट होऊन तसंच राहिलं. आईचं दूध एकदा कोमट केलं की दोन तासांत संपवायचं, परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, दुसऱ्यांदा गरम करायचं नाही. हे मला पाठ आहे. मी घड्याळाकडे बघत त्याच्या पाळण्याशी बसून होतो. गाढ झोपलेल्या लेकराला केवळ दूध वाया जाऊ नये म्हणून उठवायला हात धजेना. पावणेएकला कोमट केलेलं दूध पावणेतीनपर्यंत ठेवलं आणि मग बेसिनमध्ये ओतलं. पंधरा मिनिटांनी तो रडत उठला.

ते दूध काल संध्याकाळचं. त्यांची आई अर्धा तास पंप लावून बसली होती, पाठीला उशी घेऊन, डोळे मिटून. सकाळी तिला सांगायचं आहे.

मंगळवार

सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किती होतं?"

"नव्वद."

"म्हणजे डाव्या बाजूचं सगळं."

पुढे काही बोलली नाही. थोरलीला घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रात्रीच्या बाटल्या मी द्यायच्या हे आम्ही पहिल्या महिन्यातच ठरवलं. तिला सलग चार तास तरी झोप मिळावी म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं की काम म्हणजे दूध पाजणं. प्रत्यक्षात निम्मं काम पाजण्याआधीचंच आहे, आणि ते दोन लेकरांच्या रडण्यात, एका हातानं, अर्ध्या उजेडात करायचं असतं.

बुधवार, दुपार

पातेल्याची पद्धत आता हाताला बसली आहे. पाणी आधी गरम करायचं, गॅस बंद करायचा, पातेलं खाली उतरवायचं आणि मगच बाटली ठेवायची. बाटली आत असताना खाली आच नको. पाण्याची पातळी बाटलीतल्या दुधाइतकी, झाकणाच्या बरीच खाली, म्हणजे पाणी आत जायची भीती नाही. मधे एकदा बाटली काढून हलकेच गोल फिरवायची. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधात स्निग्धांश वर येऊन थर धरतो, कडेला चिकटतो. दूध कोमट झालं की फिरवून तो सहज मिसळतो. जोरात खळखळून हलवलं की बुडबुडे होतात आणि ते बाळाच्या पोटात जातात, म्हणून मी ते टाळतो. शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब. गरम लागले तर थांबायचं. लागलेच नाहीत, नुसती ओल जाणवली, तर दूध अंगाइतकं कोमट आहे असं समजायचं.

आमच्या स्वयंपाकघरात ६० मिलिलिटरला चारेक मिनिटं लागतात, १२०ला सात-आठ. बाटली काचेची की प्लास्टिकची यानंही फरक पडतो. प्लास्टिकमधून उष्णता सावकाश आत जाते. दोन बाटल्या एकाच पातेल्यात ठेवल्या तर पाणी लवकर निवतं आणि दोन्हींना वेळ लागतो. हे मला फार उशिरा उमगलं. आता मोठं पातेलं घेतो.

मायक्रोवेव्हबद्दल घरात पुन्हा विषय निघाला. "तीस सेकंदांत होतं की!" असं एक जवळचं माणूस म्हणालं. प्रेमापोटीच म्हणालं, माझे डोळे बघून. पण या एका बाबतीत मी हटत नाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध सगळीकडे सारखं तापत नाही. बाटली हाताला जेमतेम कोमट लागते आणि आत मधेच एखादा भाग कढत असतो. मनगटावर पडलेला थेंब नेमका गार भागातला असू शकतो. चार महिन्यांच्या लेकराला तोंड भाजल्याचं सांगताही येणार नाही. त्या तीस सेकंदांसाठी मी हा धोका पत्करणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात घर करून आहे. मिल्क बँकेत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. तिथे ते आवश्यकच, कारण ते दुसऱ्या बाळांना द्यायचं असतं. पण त्या तापमानाला दुधातली चरबी पचवायला मदत करणारं विकर निकामी होतं आणि आईकडून येणारी काही प्रतिपिंडंही कमी होतात. पंपाच्या त्या अर्ध्या तासात तिनं जे दिलं, ते माझ्या घाईनं कमी होऊ नये, असं वाटतं. म्हणून उकळत्या पाण्यात बाटली कधीच नाही.

शुक्रवार, रात्र

आज तिचं दूध कमी पडलं, तेव्हा एका वेळेला पावडरचं. त्याचं सगळं उलटं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश तरी हवं. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, नाहीतर ते त्याखाली जातं. आणि मग ती बाटली झाकण लावून नळाखाली धरून गार करायची. आज दहा वाजता माझ्यासमोर हेच होतं: डाव्या हाताला गार पाण्यात एक बाटली, उजव्या हाताला गरम पाण्यात दुसरी, आणि आत दोघंही रडताहेत. मनगटावर कुठल्या बाटलीचे थेंब टाकले ते क्षणभर आठवेना. पुन्हा दोन्ही तपासल्या. तेव्हापासून झाकणाला रबर लावतो. थोरलीच्या बाटलीला लाल, धाकट्याच्या निळं. एकाची उष्टी बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, हेही त्यानं सांभाळलं जातं.

अशा वेळी खरा त्रास बाटलीचा नसतो. कोणाला आधी घ्यायचं, हा असतो. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो, काल थोरली आधी, आज धाकटा आधी. अन्याय नको म्हणून. जो थांबायचा त्याच्या रडण्यात मला दर वेळी तक्रार ऐकू यायची. दोघंही ३५व्या आठवड्यात आली, पहिले अकरा दिवस काचेपलीकडे होती. तिथेही मी एकाशी उभा असलो की दुसऱ्याकडे पाठ व्हायची. ते अजून गेलेलं नाही माझ्यातून.

रविवार

काल तपासणी होती. वजनं छान वाढलीत. निघता निघता डॉक्टरांना विचारलं, दूध कोमट करायलाच हवं का? ते म्हणाले, आता गरज नाही, घेत असतील तर फ्रिजमधलं गारही चालेल, कोमट करतो ते त्यांना आवडतं म्हणून.

मी खरंच थबकलो. काचेपलीकडच्या त्या दिवसांत नर्स प्रत्येक थेंब कोमट करून देत होती, इवल्याशा जिवांना अंगातली ऊब राखणंच अवघड होतं तेव्हा. मी तेच घरी आणलं आणि चार महिने एकदाही विचारलं नाही.

आज दुपारी दोघं शांत असताना बघितलं. आधी धाकटा. फ्रिजमधली बाटली, जास्त वेळ गोल फिरवून, कारण गार दुधात तो थर लवकर मिसळत नाही. पहिल्या घोटाला डोळे मोठे केले, थांबला, माझ्याकडे पाहिलं. मग एका दमात ८०. बाटली पाहिली की जिचं आधीच तोंड उघडतं, त्या थोरलीनं मात्र जिभेनं बूच बाहेर ढकललं, मान वळवली, ओठ थरथरले. पुन्हा नाही दिली. कोमट केल्यावर प्यायली.

एकाच पोटात, एकाच दिवसांची दोघं. मी त्यांना दोन सारख्या बाटल्या देण्यासाठी एवढा जीव आटवत होतो.

मंगळवार, पहाटे २.१५

थोरली आज रडलीच नाही. मूठ तोंडाशी नेऊन चोखायला लागली, मान इकडेतिकडे वळवायला लागली, तेवढ्यावर उठलो आणि तिची एकच बाटली पाण्यात ठेवली. रडायच्या आधीच्या या खुणा मी पूर्वी झोपेत निसटू द्यायचो. बाटली होईपर्यंत तिला छातीशी धरून स्वयंपाकघरातच उभा राहिलो. ती पातेल्यातून निघणारी वाफ बघत होती.

धाकटा अजून झोपलाय. उठला तर त्याची बाटली फ्रिजमध्ये आहे, तारीख-वेळ लिहिलेली, निळं रबर लावलेली. नाही उठला तर सकाळी आहेच. आईचं ताजं दूध फ्रिजमध्ये ४ अंशांना चार दिवस टिकतं, हे परवाचं आहे.

तिला उठवलं नाही. पातेलं धुऊन उपडं घातलं.