आवाजाच्या शेजारी कोण बसलंय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी खबर देतेय. मामाकडून आलेल्या तबकड्या आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम निम्म्याच्या पुढे सरकलंय. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या) जवळजवळ सगळ्या झाल्या, ई.पी. (दोन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या) झाल्या, एल.पी.मधलं (जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या) गीतरामायणही झालं. कॅसेटींचा ढीग मात्र अजून तोंड वासून बसलाय.

मधल्या काळात मी माझी यादी मोडून नव्याने लावली. आधी गायकांच्या नावाने फाइली होत्या, आता दशकाप्रमाणे आहेत आणि फक्त मराठी आहेत. प्रत्येक गाण्यापुढे एक नवा रकाना काढलाय: आवाजाच्या शेजारी कोण बसलंय? म्हणजे गायकाच्या सगळ्यात जवळ, त्याच्या सुराला किंवा श्वासाला धरून, कोणतं वाद्य वाजतंय. राग, चाल, कवी यांवर आपण सगळे एरवी तासन् तास बोलतोच. पण 'पूर्वीची गाणी कशी निवांत होती आणि आताची नुसती दणदणीत' असं जे घरोघरी म्हटलं जातं, त्याचं उत्तर मला चालीपेक्षा या रकान्यात जास्त सापडायला लागलंय.

आधी यंत्राचं बोलते, कारण त्यावर विचारणा झाली होती. ७८ साठी वेगळी सुई लागते म्हणजे लागतेच. एल.पी.च्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं, तर ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि साठलेली धूळच वाचते. कार्ट्रिजच्या (सुई बसते तो भाग) तारा मोनो जोडून घेतल्या, त्याने खरखर बरीच उतरली. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचे दोन थेंब, बस्स. कुणीही काहीही सांगो, ७८ ला स्पिरिट लावू नका. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये विरघळते. एल.पी.ला जे चालतं ते इथे चालत नाही. ज्यांच्या टर्नटेबलला ७८ चा वेग नाही त्यांनी ४५ वर वाजवून नंतर कॉम्प्युटरवर वेग वाढवला (१.७३३ पट) तरी काम भागतं. फक्त प्रिअॅम्प (सुईचा बारीक आवाज वाढवणारं यंत्र) सपाट ठेवा, नाहीतर त्यातलं आर.आय.ए.ए.चं गणित (तबकडीतले खालचे-वरचे स्वर समतोल करायचा ठरलेला हिशेब) वेगाबरोबर सरकतं आणि आवाज नाकात जातो.

आता रकाना.

तीस-चाळीसच्या दशकांतल्या भावगीतांपुढे जवळजवळ सगळीकडे एकच नोंद आहे: पेटी. गो. ना. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायली, मग गजाननराव वाटव्यांनी कवी अनिलांची, इतरांची कविता घरोघर पोचवली. त्याच्या थोडं आधी म्हणजे विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे आलं होतं, म्हणून हे शक्य झालं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारं नाट्यगीत आणि शेजारच्याच्या कानात सांगितल्यासारखं भावगीत यांच्यामधलं मुख्य अंतर माझ्या मते मायक्रोफोनचं आहे. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, त्यामुळे आलाप-तानांना फाटा आणि कविता पुढे.

हेडफोनवर या तबकड्या ऐकताना पेटी काय करते ते नीट ऐका. गायकाने शब्द सोडला की पेटी तोच स्वर जरा मागून पुन्हा म्हणते. शब्दाला सावली मिळते. गायक थांबला तरी गाणं थांबत नाही, पण दुसरं कुणी बोलायलाही लागत नाही. त्या गाण्यांची जी घरगुती, बैठकीतली कळा आहे, ती मला या सावलीत दिसते. दुःखाचं गाणंसुद्धा एकटं वाटत नाही.

आणि मग पेटी गेली! ही गोष्ट आपल्या मंडळींत फारशी निघत नाही, म्हणून जरा थांबते. १९४० साली आकाशवाणीने (तेव्हाचा ऑल इंडिया रेडिओ) हार्मोनियमवर बंदी घातली. कारण असं की तिचे स्वर ठाम बसवलेले, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक स्वर) नाहीत, तेव्हा ती भारतीय संगीताला परकी. ही बंदी ढिली व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. म्हणजे जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रातल्या घरात पेटी, शाळेत पेटी, नाटकात पेटी, कीर्तनात पेटी, आणि रेडिओवर मात्र नाही.

त्यात पुन्हा १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि रेडिओवरच्या चित्रपटगीतांवर कात्री चालली. श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: रिकाम्या झालेल्या वेळात सुगम संगीताला जागा मिळाली. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक गाणं, अधिक महिना आल्यामुळे एकूण ५६. गदिमा लिहीत, बाबूजी म्हणजे सुधीर फडके चाल लावत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. आणि हे सगळं पेटीबंदीच्या काळात.

पेटी नसली की शेजारी कोण येणार? व्हायोलिन, बासरी, सतार, सारंगी. ही वाद्यं सावली धरतात ती वेगळीच, कारण ती मींड घेऊ शकतात. शब्द संपला की व्हायोलिन तोच स्वर नुसता परत म्हणत नाही, त्याला वळवून पुढच्या ओळीपर्यंत नेऊन सोडतं. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन 'गाणारं' का म्हटलं जाई, ते इथे कळतं. पुढे बाबूजी स्टेजवर स्वतः पेटी घेऊन सगळं गीतरामायण एकट्याने गात. ज्यांच्याकडे जाहीर कार्यक्रमाचं एखादं ध्वनिमुद्रण आहे त्यांनी ते बाबूजींच्याच आवाजातल्या एल.पी.च्या शेजारी लावून बघावं. शब्द तेच, चाल तीच, गायकही तोच, पण बैठकीतला राम आणि वाद्यवृंदातला राम वेगळे भेटतात. मला बैठकीतला जास्त आवडतो. हे मत आहे, भांडू नका.

साठच्या दशकात या रकान्यात गर्दी होते. श्रीनिवास खळ्यांच्या चालीत अरुण दातेंचा 'शुक्रतारा' म्हणजे मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभ्या राहिलेल्या माणसाचं गाणं. आवाज चढवायचाच नाही, असं ठरवून गायलेलं. नोकरदार शहरी माणसाचं प्रेम पहिल्यांदा त्याच्या खऱ्या आवाजात ऐकू आलं, असं मला वाटतं. त्याच दशकात हृदयनाथांची कोळीगीतं: शांताबाई शेळक्यांचे शब्द, लतादीदी आणि हेमंतकुमारांचा 'मी डोलकर'. तिथे शेजारी एक वाद्य नाहीच, शेजारी माणसं आहेत. रकान्यात मी 'कोरस' लिहिलंय. एकट्याच्या गाण्याकडून घोळक्याच्या गाण्याकडे जायची सुरुवात कुणी पुढच्या पिढीच्या माथी मारत असेल तर त्याला ही ई.पी. ऐकवा.

लावणीचं काय, असं विचाराल. लावणीत ढोलकी शेजारी बसतच नाही, समोर बसते. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली आशाबाईंची बुगडी घ्या, सुलोचनाबाई चव्हाणांची कुठलीही फडकती लावणी घ्या. बाई एक ओळ टाकतात, ढोलकी तिचा तोड घेऊन उत्तर देते, मागे तुणतुणं एका सुरावर ठाण मांडून. सुलोचनाबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, जागची न हलता गात. सगळा नखरा गळ्यात आणि ढोलकीत. १९७२ च्या 'पिंजरा'त राम कदमांनी हेच मोठ्या पडद्यासाठी मांडलं आणि ते दशक ढोलकीच्या नावे झालं. माझ्याकडच्या सत्तरच्या फाइलींत लावणीखेरीज फार काही हाती लागलेलं नाही. अपवाद 'जैत रे जैत', १९७७. नायकच ढोल वाजवणारा, ना. धों. महानोरांचे शब्द, आणि ठाकर आदिवासींचा डोंगर सगळ्या गाण्यांत. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता कॅसेटी, माझा सध्याचा मुक्काम.

मामाच्या कॅसेटींची अवस्था बघवत नाही. बऱ्याच जणींची आतली फेल्टची गादी गळून पडलीय. पट्टीला हेडवर दाबून धरणारा तो इवलासा तुकडा नसला की आवाज आत-बाहेर होत राहतो. पाच स्क्रूची कॅसेट असली तर उघडून दुसऱ्या एखाद्या रिकाम्या कॅसेटीतली गादी चिमट्याने बसवते. चिकटवलेल्या कवचाची असेल तर पट्टीच काढून नव्या कवचात घालावी लागते, आणि ते काम पंखा बंद करूनच करायचं. प्रत्येक कॅसेटीला हेडचा कोन थोडा थोडा फिरवावा लागतो. कंपन्या भराभर भरत होत्या, कोन कुणी बघत नव्हतं. स्क्रू पाव वळसा फिरवला की झाकलेल्या झांजा एकदम उघड्या पडतात.

या भराभर भरण्यातच ऐंशीच्या दशकाची किल्ली आहे. रेकॉर्ड काढायची तर कारखाना हवा, कलकत्त्याजवळच्या डमडमसारखा. कॅसेट भरायला एक खोली आणि काही मशिनं पुरत. त्यामुळे कुणाचं गाणं विकत घेता येईल हे ठरवणारी माणसंच बदलली. प्रल्हाद शिंदे आधीपासून गात होते, कव्वालीत तयार झालेला तो गळा. वामनदादा कर्डकांची भीमगीतं वस्त्यावस्त्यांत गायली जात होती. वेसाव्याचे कोळी स्वतःची गाणी स्वतः म्हणतच होते. कॅसेटीने हा सगळा ऐवज रिक्षात, टपरीवर, एस.टी. स्टँडवर आणून ठेवला. पुढे आनंद शिंद्यांचा 'नवीन पोपट' आला आणि लग्नाच्या वरातीत शिरला तो अजून बाहेर आलेला नाही.

रकान्यात इथे काय लिहायचं यावर मी बराच वेळ अडले. प्रल्हाद शिंद्यांच्या 'चंद्रभागेच्या तीरी'त पेटी परत आलीय, पण ती आता सावली धरत नाही, मुखड्यानंतर स्वतःची ओळ ठणकावून म्हणते. तिच्या जोडीला ढोलक आणि टाळ्या. हा आवाज मायक्रोफोनच्या जवळ जाऊन बोलत नाही, रस्त्यावरच्या भोंग्यातून लांबवर जायचं आहे हे त्याला माहीत आहे. मूड बदलला, असं म्हणताना आपण बरेचदा श्रोत्यांची अभिरुची घसरली असं सुचवत असतो. मला ते पटत नाही. शुक्रताऱ्याचा श्रोता कुठे गेला नव्हता, तो घरात रेडिओपाशीच होता. त्याच्या खिडकीखालून जाणारा माणूस आता पहिल्यांदाच गिऱ्हाईक झाला होता.

शहरी बाजूला त्याच काळात ड्रमसेट, बेस गिटार आणि सिंथेसायझर आले. अनिल-अरुण या संगीतकार जोडीचा 'धुमधडाका' १९८५ चा, किशोरकुमारांचं 'अश्विनी ये ना' १९८७ च्या 'गंमत जंमत'मधलं, 'अशी ही बनवाबनवी' १९८८. इथे शेजारी बेस आहे आणि तो गायकाला ढकलत राहतो. गायकाला थबकायला, शब्दावर रेंगाळायला जागाच नाही. त्यामुळे ही गाणी खुशालचेंडू वाटतात. खरं सांगू? मला फार आवडतात. दिवसभर गदिमा उतरवल्यावर तीच लावते.

नव्वदचं दशक अजून खोक्यातच आहे, त्यामुळे उडी मारते.

दोन हजारनंतरची गाणी सी.डी.वरूनच आली. स्क्रीनवर फाइल उघडली की फरक ऐकायच्या आधी दिसतो. साठच्या दशकातल्या गाण्यात डोंगर-दऱ्या आहेत, ओळ संपली की रेघ खाली येते. इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सलग वीट. हळू भागसुद्धा वर खेचून मोठ्याच्या बरोबरीला आणलेला. दणदणाट वाटतो त्यातला बराच वाटा या दाबण्याचा आहे, चालीचा नाही. हीच चाल नुसत्या पेटीवर म्हणून बघा.

आणि अजय-अतुल. 'जोगवा', 'नटरंग', मग २०१६ चा 'सैराट'. 'याड लागलं'साठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला, आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट' आपल्या गल्लीतल्या बेंजो पार्टीच्या थाटात. एकाच कॅसेटच्या दोन बाजू म्हणाव्यात तशी ही दोन गाणी. (कॅसेट निघाली असती तर.) 'याड लागलं'पुढे मी 'व्हायोलिनं, अनेकवचनी' असं लिहून ठेवलंय. जोगांचं एक व्हायोलिन गायकाचा हात धरून चालायचं, हा ताफा गायकाला उचलूनच घेतो. 'झिंगाट'चा रकाना सध्या कोरा आहे. तिथे आवाज आणि वाद्य यांत शेजारपण उरलेलं नाही, सगळेच एका ट्रॅक्टरवर चढलेत.

पुढचं काम: नव्वदच्या कॅसेटी, आणि वेसावकर मंडळींच्या दोन कॅसेटींना नवी गादी. डेकचा बेल्ट सैल झालाय, वेग लटपटतो. मापाचा बेल्ट रविवारी जुन्या बाजारात मिळतो का बघते. तिथल्या एका काकांनी मागच्या खेपेला "ताई, ह्या वाटव्यांच्या घेऊन टाका, कोणी विचारत नाही" म्हणून दोन तबकड्या स्वस्तात दिल्या आणि त्याच ढिगातल्या बालगंधर्वांवर एक पैसा कमी केला नाही. वाटव्यांच्या त्या दोनपैकी एका तबकडीला काठापासून आत केसाएवढी चीर आहे. सुई तिथे दर फेऱ्याला 'टक्' करते, पण उडत नाही. ते टकटक हाताने एकेक करून काढायचं की सॉफ्टवेअरवर सोपवायचं, हे अजून ठरत नाहीये. सॉफ्टवेअर पेटीच्या भात्याचा आवाजही कचरा समजून पुसतं, म्हणून हातानेच काढेन असं वाटतंय. कुणी असं काम केलं असेल तर जरूर कळवा.