मिस इंडिया आणि आमच्या मराठीच्या बाई

स्मरणिका समितीचं पत्र आलं. त्यात ‘आपल्या क्षेत्रातील एखाद्या नामवंत व्यक्तीच्या निमित्ताने शाळेच्या आठवणी लिहाव्यात’ अशी विनंती होती. माझं क्षेत्र म्हणजे वाचायला-लिहायला अडणाऱ्या मुलांना शिकवणं. त्यातलं नामवंत म्हणाल तर मला एकच नाव सुचतं, स्वरूप संपट. हो, त्याच. १९७९ च्या मिस इंडिया, शृंगार कुंकवाच्या जाहिरातीतल्या. पण त्यांच्यावर लिहायला बसलं की पेन आपोआप मराठीच्या बाईंकडे वळतं, त्याला माझा इलाज नाही. संपादकांनी सांभाळून घ्यावं. कुठल्या बाई, हे ८५ च्या आतल्या बॅचना सांगायला नको. नंतरच्यांनी आपल्या थोरल्या भावंडांना विचारावं.

आम्ही पाचवी ब मध्ये होतो. वर्गातल्या एकीने मराठीच्या वहीला खाकीऐवजी मासिकातल्या मिस इंडियाच्या फोटोचं कव्हर घातलं. मुकुट झाकला जाऊ नये म्हणून नावाचं लेबल खाली गळ्यावर चिकटवलं होतं. वह्या तपासायला गेल्या आणि आमचे श्वास अडकले, कारण त्या काळी साध्या रंगीत रिबिनीवरूनही बाकावर उभं करत. बाईंनी वही हातात धरून नीट पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे. ही स्टेजवर कशी येत असेल? चालून दाखव.’’

ती मुलगी दारापासून टेबलापर्यंत हनुवटी वर करून चालली. वर्ग खिदळला. ‘‘आता हीच बाई पहाटे चारला नळावर निघालीय. दोन्ही हातांत रिकाम्या कळश्या.’’ ती पुन्हा निघाली, तशीच हात हलवत. ‘‘अगं, कळश्या दाराला आपटतील ना!’’ मग ती अंग चोरून दारातून आली. ‘‘आता भरलेल्या.’’ या वेळी तिचे खांदे उतरले, पाऊल जड पडायला लागलं. मध्येच तिने दोन्ही कळश्या खाली ठेवून बोटं चोळली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने चटकन पाय आत घेतले. पाणी उडेल म्हणून! या खेपेला कोणी हसलं नाही.

त्या दिवशीचा धडा होता क्रियाविशेषण अव्यय. कशी चालली? ताठ, झपझप, बेताने, सावकाश. शब्द आम्ही सांगत होतो, बाई फक्त फळ्यावर लिहीत होत्या. वही परत देताना म्हणाल्या, ‘‘कव्हर राहू दे. पण आतलं अक्षर सुधार.’’

मला ते सगळं लख्ख आठवतं त्याला कारण आहे. मला वाचता येत नव्हतं. घ आणि ध, भ आणि म माझ्यासमोर एकमेकांच्या जागा पळवायचे. चौथीपर्यंत मी ‘ढ’ होते, आणि हा शब्द वापरणाऱ्यांत मोठी माणसंही होती. बाईंनी मला कधी उभं करून वाचायला लावलं नाही. धडा शेजारची वाचायची, मी कान देऊन ऐकायचे आणि मग वर्गापुढे करून दाखवायचे. कधी म्हातारी, कधी फौजदार, कधी नुसतंच झाड. करून झालं की बाई त्याच धड्यातली एक ओळ दाखवायच्या, ‘‘हे तूच आत्ता बोललीस, बघ.’’ आणि ती ओळ मला वाचता यायची! ही काय जादू होती ते तेव्हा कळलं नाही.

मिस इंडियाचं पुढे काय झालं ते आम्ही अर्थातच लक्ष ठेवून होतो. त्याच वर्षी पर्थला मिस युनिव्हर्स स्पर्धा झाली, तिथला मुकुट व्हेनेझुएलाच्या मारित्झा सायालेरोकडे गेला. मग सिनेमे आले. १९८१ मध्ये ‘नाखुदा’ आणि हृषीकेश मुखर्जींचा ‘नरम गरम’, १९८३ मध्ये ‘हिंमतवाला’त जितेंद्रची बहीण. माझं स्पष्ट मत आहे की हिंदी सिनेमाला या बाईचं काय करायचं ते उमगलंच नाही. उमगलं ते दूरदर्शनला. १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’, लेखन शरद जोशींचं, दिग्दर्शन कुंदन शहांचं. शफी इनामदार रणजित, ही त्याची बायको रेणू, राकेश बेदी तिचा भाऊ राजा. मुकुट घातलेली बाई घरात चिडते, भावाची बाजू घेते, हसं करून घेते आणि तरी आपल्या शेजारची वाटते, हे अवघड काम होतं. विनोदी काम करणाऱ्या नट्यांचं आपल्याकडे कौतुक कमीच होतं.

आणि त्यात सतीश शहा! दर भागात नवा माणूस. आम्ही तेव्हा दहावीत. बाकीचे सगळे पोर्शन, पोर्शन करत असताना बाई शनिवारच्या सकाळच्या शाळेत पहिली दहा मिनिटं याला द्यायच्या. ‘‘काल तो कोण झाला होता? आवाज कुठून काढला, पोटातून की नाकातून?’’ पोर्शन कुणाचा आधी संपला ते ८५ च्या बॅचला विचारा.

मी मराठीत जेमतेम पास झाले. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. बोर्डात चमकलेल्यांच्या वेळी वाटले नव्हते, याचा काहींना राग आला होता म्हणे. येऊ दे.

स्वरूप संपट यांचा परेश रावळांशी संसार, दोन मुलगे, हे सगळं मासिकांनी पुरेसं छापलं आहे. मला हलवून गेलं ते पुढचं. नटी म्हणून नाव असलेली ही बाई पुन्हा शिकायला बसली आणि इंग्लंडच्या वूस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आली. विषय? अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची जीवनकौशल्यं नाट्याच्या आधाराने वाढवणं. बातमी वाचली तेव्हा मी स्वतः शिक्षिका झाले होते, आणि मला पाचवी ब दिसली. पुढे २०१९ मध्ये ग्लोबल टीचर प्राइझच्या शेवटच्या दहा जणांत त्या होत्या, स्वरूप रावळ या नावाने आणि गुजरातमधल्या लवाडच्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका म्हणून. पारितोषिक केनियाच्या पीटर ताबिची सरांना मिळालं. इथेही मुकुट हुकलाच म्हणायचा, पण या दहांतलं नाव मला १९७९ च्या मुकुटापेक्षा मोठं वाटतं.

त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते, आमच्या बाईंनी हे आधीच केलं होतं. विद्यापीठ नाही, प्रबंध नाही, एका हातात खडू आणि समोर साठ पोरं. कुणी हे टिपून ठेवलं नाही एवढंच. हे पक्षपाती आहे, हे मला कळतं. मनोगत माझं आहे.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद झाली. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या मुलांनी तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत पहिला नंबर काढला, त्यातल्या दोघांना संहिता वाचता येत नव्हती. त्यांनी ती ऐकून बसवली. फुशारकी वाटली तर वाटू दे, बाईंची विद्यार्थिनी आहे मी.

जाता जाता समितीला एक. नव्या इमारतीचा नकाशा ग्रुपवर पाहिला. संगणक कक्ष आहेत, लिफ्ट आहे, स्मार्ट बोर्ड आहेत. वर्गात मात्र बाकं थेट भिंतीला भिडवली आहेत. फळ्यापुढचा लाकडी चौथरा कुठेच नाही, आणि गॅदरिंगचं स्टेज काढून तिथे पार्किंग दाखवलं आहे. आर्किटेक्ट आपलाच माजी विद्यार्थी आहे असं ऐकलं. त्याला माझा नंबर द्या. देणगीचा चेक लिहून ठेवला आहे, तो नकाशा बदलला की पाठवते.